मळ्यातली ११२ पायऱ्यांची वाट : पणजीच्या गल्ल्या मोजतानाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

जुलैच्या पावसात पणजीतल्या मळा या वस्तीतून आल्तिनो टेकडीवर चढणाऱ्या एका पायऱ्यांच्या वाटेची कडेची भिंत खचली. तेव्हापासून वाटेच्या तोंडाशी बांबू आडवे बांधलेत. मी मूळचा डिचोलीचा, पणजीत एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे आणि मळ्यात भाड्याने राहतो. घरमालकीण काकू त्या वाटेने रोज सकाळी वर एका घरी स्वयंपाकाला जायच्या. आता रस्त्याने वळसा घालून जातात. परवा म्हणाल्या, "पायऱ्यांनी गुडघे दुखायचे रे, पण हा रस्ता माझी सकाळ खातो." ही एक वाट बंद झाल्याने मळ्याचं नेमकं किती अडलं, हे मोजून नकाशावर दाखवता येईल का, म्हणून हे काम हाती घेतलं. शनिवार-रविवार आणि लागल्या तर रजा.

पद्धत स्पेस सिंटॅक्स. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बिल हिलियर आणि ज्युलिएन हॅन्सन यांनी ती उभी केली. गल्लीत जिथपर्यंत नजर आणि पाऊल सरळ जातं तिथपर्यंत लांबात लांब रेषा ओढायची आणि कमीत कमी रेषांत सगळा भाग झाकायचा. यातून आलेख, म्हणजे बिंदू आणि जोडांचं जाळं, तयार होतं: रेषा म्हणजे आलेखातला बिंदू, दोन रेषांचा छेद म्हणजे जोड. एका रेषेवरून बाकीच्या सगळ्या रेषांवर पोचायला सरासरी किती वळणं लागतात त्यावरून तिचं इंटिग्रेशन निघतं: वळणं कमी, तर इंटिग्रेशन जास्त. ते जास्त तिथे माणसांची वर्दळ जास्त, असं या पद्धतीचं म्हणणं. सॉफ्टवेअर डेप्थमॅपएक्स, नकाशासाठी क्यूजीआयएस आणि ओपनस्ट्रीटमॅप. तिन्हींना पैसे पडत नाहीत.

१० नोव्हेंबर, रविवार

ओपनस्ट्रीटमॅपवरून मळा, त्याला लागून असलेली फोंतेन्यास ही जुनी वस्ती, आल्तिनो आणि चर्चचा परिसर उतरवून घेतला. पायऱ्यांच्या वाटेची लांबी विचारली तर उत्तर आलं ०.०००३५. तास-दीड तास फाइल खराब असेल म्हणून पुन्हा पुन्हा उतरवत बसलो. फाइल चांगलीच होती, ती अक्षांश-रेखांशाच्या अंशांत होती. गोवा यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो. क्यूजीआयएसमध्ये थराचा प्रोजेक्शन कोड ३२६४३ करून नव्याने जतन केला, तेव्हा लांबी मीटरमध्ये आली. नुसता प्रकल्पाचा कोड बदलून भागत नाही, थर त्या कोडात निर्यात करावा लागतो. मी आधी नेमकं तेच केलं नव्हतं.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. गाडीचे रस्ते नकाशात नीट आहेत, पण माणूस चालतो त्या वाटा अर्ध्याच आहेत. मळ्यातल्या दोन बोळांचा पत्ताच नाही. एका ठिकाणी गल्ली रस्त्याला टेकायच्या आधी हातभर अंतरावर संपते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण आलेखाच्या दृष्टीने ती गल्ली म्हणजे बेट. संध्याकाळी छापील नकाशा घेऊन हिंडलो आणि लाल पेनाने सगळं भरून आणलं. फोनचं जीपीएस इथे कामाचं नाही. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना घरं आली की ठिपका घरांच्या आत शिरतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

पूर्ण शनिवार-रविवार वाया गेला. रेषा हाताने ओढण्यापेक्षा सॉफ्टवेअरकडूनच ओढून घ्याव्यात असं ठरवलं होतं. त्यासाठी मोकळ्या जागेची कड बंद बहुभुजात द्यावी लागते, मग ते सगळ्या शक्य रेषा काढतं आणि त्यातून कमीत कमी निवडतं. मी घरांच्या कडा ऑफिसातल्या सवयीने बारीक काढल्या होत्या: पायऱ्या, बाल्कांवचे (घरापुढच्या ओसरीचे) ओटे, कंपाउंडचे गोल कोपरे, सगळं. प्रत्येक कोपरा म्हणजे नव्या शेकडो रेषा. रात्री लॅपटॉप चालू ठेवून झोपलो, सकाळीही तो तिथेच अडकलेला होता.

दुपारी सगळे गोल कोपरे सरळ केले, ओटे काढून टाकले आणि नुसता मळ्याचा तुकडा दिला. तेव्हा चाललं, पण एका ओट्याच्या जागी राहिलेल्या लहानशा कोपऱ्यामुळे त्याने एका सरळ गल्लीत तीन रेषा घातल्या. मग हा मार्ग सोडला. ऑटोकॅडमध्ये हाताने ओढणार. जे हे पहिल्यांदा करत असतील त्यांनी एवढ्या आकाराच्या भागासाठी हातानेच ओढाव्यात. त्यात वेळ जातो, पण गल्ली ओळखीची होते.

२४ नोव्हेंबर, रविवार

माझ्या २१४ रेषा झाल्या. पडताळा म्हणून मावसभावाला तोच कोरा नकाशा दिला आणि नियम सांगितला. त्याच्या २३१ झाल्या.

फरक कुठे पडला ते शोधायला आम्ही दोघं प्रत्यक्ष फिरलो. फोंतेन्यासमधला ३१ जानेवारी रस्ता किंचित वाकतो. मी एका टोकाजवळ उभा राहिलो, भाऊ दुसरीकडे. तो मला दिसत होता, पण त्याच्या खांद्याचा अर्धा भाग एका घराच्या कोपऱ्याआड होता. आता ही एक रेषा की दोन? कागदावर मीटरभर इकडेतिकडे झालं की रेषांची संख्या बदलते, आणि तिच्यावर टेकलेल्या सगळ्या गल्ल्यांची खोली, म्हणजे तिथे पोचायला लागणारी वळणं, एकेका टप्प्याने बदलते. कार्लो रात्ती यांनी २००४ मध्ये या पद्धतीवर टीका करताना हेच बोट ठेवलं होतं: भूमितीत जरासा बदल आणि आकड्यात एकदम उडी. मला ती टीका पटते. म्हणून नियम कागदावर लिहूनच ठेवला: दोन माणसं रस्त्याच्या मधोमध उभी राहून एकमेकांचा चेहरा पूर्ण दिसला तर एक रेषा, नाहीतर दोन. मग दोघांनी मिळून वादाच्या सतरा-अठरा जागा परत पाहिल्या आणि २२१ वर एकमत केलं. पुढचे सगळे आकडे या २२१ चे आहेत.

दोघांचे मूळ नकाशेही वेगळे जपून ठेवलेत. शेवटचं उत्तर तिन्हींवर तपासणार.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज संध्याकाळी माणसं मोजायला सुरुवात करायची होती. ओरें खाडीपलीकडच्या पाटोच्या बाजूने घरी येतानाच कळलं की हे चालणार नाही. इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २० तारखेला सुरू झालाय, तो २८ पर्यंत. जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं शवदर्शन २१ तारखेपासून आहे, ते ५ जानेवारीपर्यंत. बसस्थानक ते फोंतेन्यास सगळीकडे बाहेरची माणसं. मग ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त, नाताळ, नवं वर्ष. पणजीत नोव्हेंबर-डिसेंबरात मोजणी ठेवू नये, हे मला आधी कॅलेंडर बघून कळायला हवं होतं. मोजणी जानेवारीच्या मध्यावर ढकलली. मधला वेळ आलेख पक्का करायला.

३० नोव्हेंबर, शनिवार

पहिला निकाल आला आणि तो उघड चुकीचा होता. पणजीतली सगळ्यात इंटिग्रेटेड रेषा मांडवीवरचा अटल सेतू! कागदावर पुलाची रेषा खालच्या रस्त्यांना छेदते, म्हणून सॉफ्टवेअरने प्रत्येक छेदाला जोड मानलं. म्हणजे पुलावरचा माणूस वाटेल तिथे खाली उतरू शकतो असं त्याला वाटत होतं. डेप्थमॅपएक्समध्ये अनलिंक नावाचं साधन आहे. दोन रेषा निवडून त्यांची जोड तोडायची. बसस्थानकाच्या बाजूच्या अशा सगळ्या जागा एकेक करून तोडल्या. त्यांची यादी वेगळ्या फाइलीत ठेवा, कारण रेषा दुरुस्त करून नकाशा पुन्हा आयात केला की अनलिंक पुसले जातात. मला ते दोनदा करावं लागलं.

१ डिसेंबर, रविवार

आता मळा बुडाला. सगळ्या नकाशात मळ्याच्या पूर्वेकडच्या गल्ल्या निळ्याशार, म्हणजे सगळ्यात खोल. कारण मी नकाशा ओरें खाडीच्या काठाला कापला होता. कडेच्या गल्लीला पलीकडे काहीच नाही, त्यामुळे ती आपोआप कोपऱ्यात गेल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात पलीकडे पाटो आहे आणि लोक पूल ओलांडून रोज ये-जा करतात.

उपाय म्हणजे अभ्यासाच्या भागाभोवती पट्टा ठेवायचा आणि निकाल फक्त आतल्या भागाचे वाचायचे. मी दीड किलोमीटरचं वर्तुळ मारलं. ते वर्तुळ रायबंदरकडे जाणाऱ्या लिन्यारिशच्या बांधाला मधोमध कापून गेलं. १६३० च्या दशकातला तो बांध सुमारे ३.२ किलोमीटर लांब, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, मधे फुटायला वाट जवळजवळ नाहीच. अर्धा कापला की तो निरर्थक बोळ होतो आणि सरासरी बिघडवतो. म्हणून पट्टा वर्तुळाने न कापता बांधाच्या पाटोकडच्या तोंडाशी थांबवला, पश्चिमेला मात्र कांपालपर्यंत नेला. पट्ट्यासकट ६८८ रेषा झाल्या. पट्ट्यातल्या रेषा एका माणसाने एका दिवसात ओढल्यात, आतल्या रेषांइतकी काळजी तिथे घेतलेली नाही.

७ डिसेंबर, शनिवार

सॉफ्टवेअर काय करतं ते एकदा हाताने पडताळायचं होतं. मळ्याचा ६० रेषांचा तुकडा वेगळा काढला. मारुती मंदिराजवळच्या एका रेषेवरून सगळ्यांपर्यंतची सरासरी खोली ३.२ आली. सूत्र असं: सरासरी खोलीतून १ वजा करा, दुप्पट करा, (रेषा वजा २) ने भागा. इथे ४.४ भागिले ५८, म्हणजे ०.०७५९. मग वेगवेगळ्या आकाराचे नकाशे एका मापात यावेत म्हणून या आकड्याला रेषांच्या संख्येवरून काढलेल्या एका गुणांकाने भागायचं, आणि आलेल्या उत्तराचा व्यस्त म्हणजे इंटिग्रेशन.

एक्सेलमध्ये माझं उत्तर ०.१५ आलं, सॉफ्टवेअरचं १.५७. दहापट फरक. रेषा परत मोजल्या, खोली परत मोजली, दुपारचं जेवण थंड झालं. चूक गुणांकात होती. त्यात लॉगॅरिदम पाया २ चा आहे, आणि एक्सेलमध्ये नुसतं लॉग लिहिलं की ते पाया १० चं घेतं. पाया २ दिल्यावर ६० रेषांचा गुणांक ०.११८७ आला, भागाकार ०.६३९, व्यस्त १.५६५. जुळलं. ही पडताळणी केली नसती तर पुढे एक्सेलमध्ये केलेला प्रत्येक हिशेब चुकला असता.

१५ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस पायऱ्यांवर. बांबूंच्या खालून वाकून आत गेलो, भिंतीच्या बाजूला न जाता.

नकाशा वरून बघतो, त्यामुळे पायऱ्यांची वाट त्याला ३८ मीटरची सरळ रेषा दिसते. चढ त्याला कळत नाही. आधी मी अवकाशातून मोजलेल्या उंचीचा आकडा घेतला होता. स्पेस शटलने २००० साली केलेल्या मोजणीचा, सुमारे ३० मीटरला एक ठिपका. त्यानुसार खालच्या आणि वरच्या टोकात ६ मीटरचा फरक. पायऱ्या चढलेल्या कुणालाही हे पटणार नाही. ३८ मीटरच्या वाटेला ३० मीटरचा ठिपका म्हणजे तळ आणि माथा जवळजवळ एकाच चौकोनात, शिवाय डोंगराच्या झाडांचे शेंडेही त्यात मिसळलेले.

म्हणून मोजून घेतलं. ११२ पायऱ्या. दहा-बारा ठिकाणी टेपने उंची घेतली, सरासरी साडेसोळा सेंटिमीटर. सत्तेचाळिसावी पायरी हलते, तिच्याखालची माती वाहून गेली आहे आणि पाय ठेवला की ती जुन्या दगडी उंबऱ्यासारखा आवाज करते. मधे चार थांबे, प्रत्येक साधारण एक मीटर दहा. एकूण चढ साडेअठरा मीटर. खात्रीसाठी ओळखीच्या मिस्त्रीकडून लेव्हल पाइप आणला. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक खाली, दुसरं वर, दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच. बुडबुडा राहिला की माप चुकतं, त्यामुळे नळी दोनदा रिकामी केली. नळी दहा मीटरचीच होती म्हणून टप्प्याटप्प्याने वर चढत गेलो. पायऱ्यांच्या हिशेबात आणि नळीच्या मापात अकरा सेंटिमीटरचा फरक. एवढा चालेल.

मी वर जायला १ मिनिट ३५ सेकंद घेतले. बंद होण्याआधी काकूंना किती लागायचे ते त्यांनाच विचारलं. त्यांनी आठवून सांगण्याऐवजी खाली दुसऱ्या, चालू असलेल्या पायऱ्यांवर मला नेलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "घड्याळ लाव." त्या पायऱ्या कमी होत्या, प्रत्येक वीस पायऱ्यांनी त्या कठड्याला हात लावून थांबल्या, दोन श्वास घेतले, पुन्हा निघाल्या. त्या गतीने ११२ चा हिशेब केला तर ४ मिनिटं १० सेकंद होतात.

२२ डिसेंबर, रविवार

वळणं मोजणाऱ्या आलेखात वेळ घालता येत नाही, म्हणून पायथनमध्ये नेटवर्कएक्स वापरून दुसरा आलेख केला. त्यात जोडीचं वजन म्हणजे चालायला लागणारी मिनिटं. चढासाठी वॉल्डो टोब्लर यांचं १९९३ चं सूत्र घेतलं: वेग ताशी ६ किलोमीटर गुणिले ई (२.७१८ ही संख्या) चा घात, घातांक उणे ३.५ गुणिले (उतार अधिक ०.०५) चं केवळ मूल्य (उणे चिन्ह सोडून). सपाटीवर ते ताशी ५ किलोमीटरच्या आसपास येतं.

आपल्या वाटेचा उतार ०.४९ धरला तर वर जायला सुमारे अडीच मिनिटं, खाली यायला पावणेदोन. म्हणजे सूत्राचं माणूस माझ्यात आणि काकूंमध्ये कुठेतरी आहे. रस्त्याचा वळसा मी टेपच्या चाकाने मोजला, ६४० मीटर. सूत्राने साडेआठ मिनिटं, माझ्या घड्याळाने आठ, काकूंना चौदा.

इथे एक चूक दोन दिवस लक्षात आली नाही. मी साधा, दिशा नसलेला आलेख घेतला होता, त्यामुळे चढ आणि उतार दोन्हीला शेवटी भरलेलं एकच वजन लागत होतं. दिशा असलेला आलेख करून प्रत्येक तुकडा दोनदा घातला, एकदा चढाचा, एकदा उताराचा. ज्यांच्या गावात टेकडी आहे त्यांनी पहिल्यापासून दिशाच घ्यावी.

५ जानेवारी २०२५, रविवार

ज्यासाठी सगळं केलं ती परीक्षा: पायऱ्यांची रेषा आलेखातून काढायची आणि पुन्हा हिशेब करायचा.

आतल्या २२१ रेषांचं सरासरी इंटिग्रेशन पायऱ्यांसह १.२१४, पायऱ्यांशिवाय १.२११. तिसऱ्या दशांशात फरक. रात्री बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसलो. हाच आकडा कुणाच्या हातात दिला तर तो म्हणेल, मग वाट बंद राहिली तरी काय बिघडतं?

सकाळी कळलं की प्रश्नच चुकीचा विचारला होता. चर्च चौकातल्या, १८ जून रस्त्याकडच्या माणसाला या पायऱ्यांशी कर्तव्य नाही. त्यांच्या रेषांनी सरासरी भरून टाकली आणि मळ्याचं नुकसान त्यात विरघळलं. म्हणून सरासरी सोडून प्रत्येक रेषेचा फरक वेगळा काढला आणि फरकाप्रमाणे रंग दिला. तेव्हा नकाशा बोलला. नऊ रेषांचं इंटिग्रेशन दहा टक्क्यांहून जास्त घसरलंय, आणि त्या नऊच्या नऊ पायऱ्यांच्या तळाशी, एकमेकींना चिकटून आहेत. मंदिरामागच्या एका बोळाचं १.१२ वरून ०.८८ झालं. त्या नऊ गल्ल्यांतून आल्तिनोच्या माथ्यावर जायला मध्यक (मेडियन) वेळ साडेतीन मिनिटांवरून नऊवर गेला. भावाच्या २३१ रेषांवर आणि माझ्या आधीच्या २१४ वरही हेच केलं: दोन्हीत त्याच नऊ गल्ल्या वर आल्या, एकीत दहावीही. रेषा कशा ओढल्या यावर हे उत्तर उभं नाही, याचं मला फार समाधान वाटलं.

एक वाट बंद झाल्याचा परिणाम शहराच्या सरासरीत शोधू नका. नुकसान चार गल्ल्यांचंच असतं, पण त्यांचं पुरेपूर असतं.

१६ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस रजा. १६ जागा ठरवल्या, प्रत्येक जागी रस्त्यावर आडवी काल्पनिक रेषा आणि ती ओलांडणारी माणसं पाच मिनिटं मोजायची. बंद वाटेचा पायथा सतरावा, तो वेगळा. हातात धरून माणसं मोजायची दोन यंत्रं २४० रुपयांना, नकाशाच्या १४ प्रती २८० रुपये.

पाच मिनिटं मोजणी आणि पुढच्या जागेपर्यंत चालायला तीन, म्हणजे एक फेरी दोन तासांहून जास्त. मी दोन्ही सकाळी आठला पहिल्या जागेवरून सुरुवात केली. म्हणजे पहिली जागा नेहमी शाळा-ऑफिसच्या गर्दीत मोजली गेली आणि सोळावी नेहमी दहानंतरच्या सामसुमीत. जागेचा फरक आणि वेळेचा फरक एकमेकांत गुंतले, आता सोडवता येत नाहीत.

त्याहून मोठी गोष्ट फोंतेन्यासमध्ये घडली. रंगीत भिंतीशी फोटो काढणारा एक गट माझी रेषा पाच मिनिटांत चार वेळा इकडून तिकडे ओलांडून गेला. पाच माणसांची वीस झाली. मागून सायकलवर पोदेर (पाववाला) आला आणि भोंगा वाजवत थांबून राहिला, त्यांच्यातून वाट मिळेपर्यंत.

१८ जानेवारी, शनिवार

तरीही मिळालेले आकडे त्या त्या जागेच्या इंटिग्रेशनशी लावून पाहिले. वर्दळीचा लॉगॅरिदम घेतला, कारण दोन-तीन जागांचे आकडे बाकीच्यांच्या कितीतरी पट आहेत. सहसंबंध ०.३८. सोळा जागा असताना ०.५० च्या खालचा सहसंबंध योगायोगानेही येऊ शकतो, म्हणजे हा आकडा काहीच सिद्ध करत नाही.

फोंतेन्यासच्या दोन जागा वगळल्या तर तो वर जातो, हे मी करून पाहिलं आणि मग खोडलं. आकडे बघितल्यावर नको त्या जागा काढणं म्हणजे उत्तर बघून गणित सोडवणं. पुन्हा मोजायचं ठरवलं. अजून दोन रजा.

२३ जानेवारी, गुरुवार

काल आणि आज पुन्हा मोजणी. या वेळी भाऊ आणि ऑफिसातला एक सहकारी सोबत होते. तिघांनी जागा वाटून घेतल्या, दुसऱ्या दिवशी क्रम उलटा. दोन रकाने: चालत निघून गेलेले, आणि थांबलेले किंवा परत फिरलेले. हा नियम मोजणीच्या आधी लिहून तिघांनी सह्या केल्या. तिघांचा दोन दिवसांचा पातळभाजी-पाव माझ्याकडून.

चालत जाणाऱ्यांचा सहसंबंध ०.६४. दोन बदल एकदम केले होते, म्हणून कोणत्या बदलाने फरक पडला ते वेगळं काढलं: याच मोजणीत दोन्ही रकाने मिळवले तर ०.४५. म्हणजे क्रम उलटवल्याने थोडं सुधारलं आणि थांबणारे वेगळे केल्याने बरंच. ही पद्धत येण्या-जाण्याबद्दल बोलते, भिंतीशी उभं राहण्याबद्दल नाही. फोंतेन्यासच्या त्या गल्ल्या आलेखात शांत आहेत, तिथल्या रहिवाशांनी घरं त्या शांततेवरच बांधली होती. गर्दी रंगांमुळे आली आहे, रस्त्यांच्या रचनेमुळे नाही. रहिवासी दारावर फोटो काढू नका अशा पाट्या का लावतात हे मला या रकान्यांवरून नीट समजलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

भिंतीची दुरुस्ती झाली, बांबू निघाले. वाट सुरू. माझ्या कागदांचा त्याच्याशी संबंध नाही, ते अजून माझ्याकडेच आहेत. पण आता भाकीत तपासता येईल. मोजायच्या आधी लिहून ठेवतो: वळशाच्या रस्त्यावरच्या सातव्या जागेची वर्दळ एक तृतीयांशाने कमी होईल आणि तेवढी माणसं पायऱ्यांवर दिसतील, सकाळी आणि संध्याकाळी सारखीच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मंगळवारी आणि आज मोजलं. मधला बुधवार शिवजयंतीचा, म्हणून वगळला. पुढे महाशिवरात्र आणि मग कार्निव्हल, त्याआधी हे उरकणं भाग होतं.

सकाळी, पाच मिनिटांची सरासरी: सातवी जागा २१ वरून १४. पायऱ्यांवर ९. भाकीत बरोबर, पायऱ्यांवर थोडी जास्तच. आल्तिनोवरच्या ऑफिसात, आकाशवाणीत आणि कॉलेजात जाणारे परत तिकडे वळले.

संध्याकाळी साडेसहा ते साडेसात: सातवी जागा १७ वरून १६. पायऱ्यांवर २. भाकीत साफ चुकलं.

मी मोजत पायथ्याशी उभा होतो. एक मुलगी वरून उतरायला लागली, पहिल्या थांब्यापर्यंत आली, खाली अंधारात बघितलं आणि परत वर जाऊन रस्त्याने गेली. सूर्य मावळला की त्या वाटेवर एकच दिवा, तोही माथ्याशी. मधले तीन थांबे झाडाखाली. खालून फक्त वरच्या दोन-तीन पायऱ्या उजळलेल्या दिसतात. माझ्या आलेखात ही जोड दिवसरात्र एकाच वजनाची होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

आलेखाला सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन वेळा दिल्या. अंधारातल्या जोडीला किती वजन द्यावं याचं सूत्र माझ्याकडे नाही, म्हणून सरळ संध्याकाळच्या आलेखातून ती जोड काढून टाकली. हिशेब पाच जानेवारीच्या उत्तरावर परत येतो: त्याच नऊ गल्ल्या, तीच नऊ मिनिटं, फक्त आता साडेसहानंतर.

संध्याकाळी काकू आणि शेजारच्या तीन घरांतल्यांसमोर दोन्ही नकाशे जमिनीवर पसरले. इंटिग्रेशनचा शब्दही काढला नाही; रंग आणि मिनिटं एवढंच. काकूंनी आपली गल्ली बोटाने शोधली. मग शेजारच्या आजोबांनी पेन्सिल मागितली आणि पायऱ्यांच्या रेषेवर दोन फुल्या मारल्या, पहिल्या आणि तिसऱ्या थांब्यावर. पूर्वी तिथे दिवे होते म्हणाले, खांबांचे बुंधे अजून आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघितलं. खरंच आहेत, दोन्ही, गवतात. *(ही शेवटची दोन वाक्यं २४ तारखेला भरली.)*

दिव्यांसाठीच्या अर्जाला जोडायला एक पान केलंय: सकाळचा नकाशा, संध्याकाळचा नकाशा, मोजणीचे चार आकडे आणि त्या दोन फुल्या. एकूण खर्च चाकाच्या भाड्यासकट १,१०० रुपयांच्या आत, रजा सहा, शनिवार-रविवार चौदा. कार्निव्हल उरकला की संध्याकाळची मोजणी आणखी दोन दिवस घ्यायची आहे, कारण दोन संध्याकाळी फार थोड्या. आणि सत्तेचाळिसावी पायरी दुरुस्तीत राहून गेली आहे, अजून हलते. तेही अर्जात घातलंय.